गोल्फ कोर्सचा रिव्ह्यू लिहिताना: मैदानाबद्दल सांगा, स्कोअरबद्दल नको

आजचा विषय जरा वेगळा आहे. तुमच्यातले काही जण गोल्फ खेळतात, बरेच जण खेळत नाहीत, हे मला माहीत आहे. न खेळणाऱ्यांनीही थांबा. कारण आपण बोलणार आहोत ते एखाद्या जागेबद्दल न्यायानं कसं लिहावं याबद्दल. उदाहरण फक्त गोल्फचं आहे.

मला महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणाचा तरी मेसेज येतो. "अमुक ठिकाणचा कोर्स कसा आहे? रविवारी चौघं जायचं म्हणतोय." मग मी त्या कोर्सबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते बघतो. पाच चांदण्या देणारा लिहितो, "मस्त जागा, जेवण छान, व्ह्यू अप्रतिम." एक चांदणी देणारा लिहितो, "ग्रीन्स अगदी बेकार, पैसे वाया." आता मला सांगा, या दोघांचं वाचून रविवारी जायचं की नाही, हे कसं ठरवायचं? पहाटे चारला उठून, दोन तास गाडी चालवून, माणशी काही हजार रुपये भरणारा माणूस या दोन ओळींवर अवलंबून आहे. आणि दुसऱ्या बाजूला, त्याच ओळींवर त्या मैदानावरचे माळी आणि कॅडी यांचंही थोडंफार अवलंबून आहे. पाहुणे आले नाहीत, तर कॅडीला त्या दिवशी राउंड मिळत नाही. म्हणून हे लिहिणं मी हलक्यात घेत नाही.

सुरुवातीला एक साधी गोष्ट. टेनिसचं कोर्ट जगात कुठंही ७८ फूट लांब असतं. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची. गोल्फमध्ये नियमानं ठरलेलं माप शोधायला गेलात, तर मुख्य म्हणजे ज्या भोकात बॉल घालायचा त्याचा व्यास, सव्वाचार इंच. बाकी होल किती लांबीचा, किती वळणाचा, बंकर म्हणजे वाळूचे खड्डे कुठं, पाणी कुठं, ग्रीनला उतार किती, हे सगळं प्रत्येक ठिकाणी वेगळं. म्हणजे गोल्फमध्ये मैदान हाच तुमचा प्रतिस्पर्धी असतो. त्याचा रिव्ह्यू लिहिणं म्हणजे एखाद्या माणसाचा स्वभाव लिहिण्यासारखं आहे. आणि एका भेटीत कुणाचा स्वभाव कळतो का?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचं आहे. १९२१ साली बॉबी जोन्स नावाचा १९ वर्षांचा अमेरिकन मुलगा तिथं ओपन स्पर्धा खेळायला गेला. तिसऱ्या फेरीत त्याला पहिल्या नऊ होलला ४६ फटके लागले. दहाव्यावरही वाट लागली. अकराव्या होलवर तो बंकरमध्ये अडकला, आणि शेवटी बॉल उचलून स्पर्धेतून बाहेर पडला. त्या संध्याकाळी त्यानं ओल्ड कोर्सचा रिव्ह्यू लिहिला असता, तर किती चांदण्या दिल्या असत्या, तुम्हीच विचार करा.

पण पुढे काय झालं बघा. १९२७ मध्ये याच कोर्सवर त्यानं ओपन जिंकली. १९३० मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धाही इथंच जिंकली. आणि १९५८ साली त्या गावानं त्याला सन्माननीय नागरिकत्व दिलं. हा मान मिळालेला त्याच्या आधीचा अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, १७५९ सालचा! या सगळ्या काळात कोर्स होता तिथंच होता, बंकरही तेच होते. जोन्स तो वाचायला शिकला, एवढंच.

सॅम स्नीडचीही गोष्ट आहे. १९४६ मध्ये तो आगगाडीनं सेंट अँड्र्यूजला येत होता. खिडकीतून त्याला एक उजाड, उंचसखल माळरान दिसलं, आणि हा कुठला तरी सोडून दिलेला गोल्फ कोर्स असावा असं त्याला वाटलं. तोच ओल्ड कोर्स होता. आणि त्याच आठवड्यात स्नीडनं तिथं ओपन जिंकली.

यातून मी माझ्यापुरता पहिला नियम केलाय. किती वेळा खेळलात ते पहिल्याच ओळीत लिहा. एकदाच खेळला असाल तर "एकदा खेळलो" असं स्वच्छ लिहा. त्यात कमीपणा काही नाही. वाचणारा त्या हिशोबानं तुमचं मत घेतो. आणि स्वतःचा स्कोअर वाईट झाला असेल, तर लिहायला त्याच संध्याकाळी बसू नका. दोन दिवस जाऊ द्या. राग ओसरला की मैदान दिसायला लागतं.

आता दुसरा मुद्दा. कोर्सबद्दल आपण जे बोलतो, त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. एक, आखणी. म्हणजे होल कसे वळतात, बंकर कुठं आहेत, ग्रीनचे आकार. ही वर्षानुवर्षं तशीच राहते. दोन, निगा. म्हणजे आज गवत कसं आहे, ग्रीन किती गुळगुळीत आहेत. ही महिन्यामहिन्याला बदलते. आणि तीन, व्यवस्था. बुकिंग, कॅडी, चहा, पाण्याची सोय, वेळेवर सोडतात की नाही. ही कधीकधी एका मॅनेजरच्या बदलीनं बदलते. या तिघांना एकच गुण दिलात, तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तीन परिच्छेद करा, तीन वेगळी मतं द्या.

निगेबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथंच होतो. ग्रीनची माती पायांनी आणि मशीननं दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. म्हणून वर्षातून एक-दोनदा ग्रीनला जवळजवळ, ओळीनं, लहान लहान भोकं पाडतात, आतली माती काढतात आणि वरून वाळू पसरतात. याला एअरेशन म्हणतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे बॉल ग्रीनवर उड्या मारत जातो. नेमका त्या आठवड्यात पाहुणा येतो आणि लिहितो, "ग्रीन्सची पार वाट लावलीय." अहो, नांगरलेल्या शेतात उभं राहून "पीक कुठंय?" असं विचारण्यासारखं आहे हे. तुमची तक्रार असायला हरकत नाही. पण ती अशी लिहा: "ग्रीनला नुकतीच भोकं पाडली होती, बुकिंग करताना हे सांगितलं नाही, फी पूर्ण घेतली." ही तक्रार रास्त आहे, आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाची आहे. तो फोन करून आधी विचारेल.

तसंच ऋतूचं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये फेअरवे मऊ असतो, बॉल पडला की रुततो, घरंगळत नाही. तोच कोर्स एप्रिलमध्ये कडक होतो आणि बॉल तीस-चाळीस यार्ड जास्त पळतो. होल तोच, पण लांबी जणू वेगळी. म्हणून महिना लिहिल्याशिवाय रिव्ह्यू पूर्ण होत नाही.

आणि हिरवा रंग. टीव्हीवर मोठ्या स्पर्धा बघून आपल्या डोक्यात बसलंय की जितकं हिरवं तितकं चांगलं. स्कॉटलंडमधल्या समुद्रकाठच्या कोर्सवर कोरड्या उन्हाळ्यात फेअरवे पिवळट तपकिरी होतात, आणि जाणकार खूश होतात, कारण बॉल जमिनीवरून छान पळतो. आपल्या महाराष्ट्रात तर हा प्रश्न नुसता खेळाचा नाही. १८ होलच्या कोर्सला उन्हाळ्यात दिवसाला काही लाख लिटर पाणी लागतं. ज्या तालुक्यात मार्चपासून टँकर फिरतात, तिथं मे महिन्यातल्या हिरव्यागार गवताला मी आपोआप गुण देत नाही. मी विचारतो, पाणी कुठून येतं? सांडपाणी शुद्ध करून वापरता का, तळ्यात पावसाचं साठवता का, की बोअरचं आहे? उत्तर मिळालं तर लिहितो. माझ्या मते हा कोर्सच्या निगेचाच भाग आहे.

आपल्याकडे लष्करी छावण्यांच्या जुन्या कोर्सवर आणखी एक प्रकार असायचा. ग्रीनच्या जागी 'ब्राउन', म्हणजे तेल मिसळून दाबलेल्या वाळूचं वर्तुळ. पाणी कमी, माणसं कमी, म्हणून काढलेला मार्ग. अशा ठिकाणी जाऊन "ग्रीन्स नाहीत" असं लिहिणं म्हणजे खानावळीत जाऊन पिझ्झा नाही म्हणून रागावणं. ती जागा काय व्हायला बघतेय, ते आधी समजून घ्या. मग ती तिथवर पोचली का, ते सांगा.

तिसरा मुद्दा, मोजता येतं ते मोजा. "फार अवघड कोर्स आहे" या वाक्याला अर्थ नाही. कुणासाठी अवघड? रेटिंग झालेल्या कोर्सच्या स्कोअरकार्डवर दोन आकडे छापलेले असतात. पहिला कोर्स रेटिंग, म्हणजे शून्य हँडिकॅपचा पट्टीचा खेळाडू इथं साधारण किती फटक्यांत खेळेल. दुसरा स्लोप. तो ५५ ते १५५ मध्ये असतो, आणि ११३ म्हणजे मध्यम धरतात. स्लोप जितका जास्त, तितका तो कोर्स तुमच्या-आमच्यासारख्या साध्या खेळाडूला पट्टीच्या खेळाडूपेक्षा जास्त छळतो. हे दोन आकडे, कुठल्या टीवरून खेळलात तो रंग, आणि स्वतःचा हँडिकॅप लिहा. माझा २० आहे. मी "अवघड" म्हणालो तर आठ हँडिकॅपवाल्याला ते सोपं वाटू शकतं, हे त्याला लगेच कळतं.

ग्रीनचा वेग मोजायलाही साधन आहे, स्टिम्पमीटर. १९३५ च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँट इथं ग्रीन इतके वेगवान होते की एका खेळाडूचा पट घरंगळत बंकरमध्ये गेला. ते बघून एडवर्ड स्टिम्पसन यांना ही कल्पना सुचली. ३६ इंचांची खाच असलेली पट्टी. त्यावर बॉल ठेवायचा, पट्टी हळूहळू उचलायची, बॉल सुटून सपाट ग्रीनवर किती फूट जातो ते मोजायचं. दोन्ही दिशांनी करून सरासरी काढायची. आपण काही पट्टी घेऊन फिरत नाही. पण स्टार्टरला विचारलं की तो सांगतो, "आज साडेआठ आहे, सर." तेवढं लिहा.

आणखी दोन आकडे मी नेहमी देतो, जे कुठल्याच कार्डावर नसतात. आमच्या चौघांत मिळून किती बॉल हरवले, आणि राउंडला किती वेळ लागला. "चौघांत १४ बॉल गेले, पाच तास दहा मिनिटं लागली." एवढ्यावरून नवशिक्याला कळतं की इथं त्याचा रविवार कसा जाईल.

यावरून चौथ्या आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघा. ॲलिस्टर मॅकेंझी नावाचे कोर्स आखणारे होऊन गेले, मूळचे डॉक्टर. १९२० मध्ये त्यांनी गोल्फच्या आखणीवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की कच्च्या खेळाडूलाही, त्याचे फटके वाढत असले तरी, मजा आली पाहिजे. त्याला वळसा घालून जायची वाट हवी. आणि बॉल शोधत फिरायचा वैताग तर अजिबात नको. गंमत बघा, सेंट अँड्र्यूजवरून बॉल उचलून निघून गेलेल्या त्याच बॉबी जोन्सनं पुढे अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल उभारताना मॅकेंझींनाच बरोबर घेतलं. आणि दोघांच्याही डोळ्यासमोर सेंट अँड्र्यूज होतं.

म्हणून राउंड खेळताना मी पुढच्या टीकडे मुद्दाम बघतो, जिथून बऱ्याच बायका, ज्येष्ठ मंडळी आणि मुलं खेळतात. ते टी नीट सपाट केलेत, की कुठंतरी उतारावर दोन लाल खुणा ठोकून दिल्यात? पाण्यावरून मारायचं असेल तर तिथून पलीकडे पोचता येतं का? आमच्या वहिनी खेळतात. एका ठिकाणी त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, मी हा होल खेळू कसा? इकडून जायला वाटच नाही." खरोखरच वाट नव्हती. ते मी लिहिलं, आणि मला वाटतं त्या रिव्ह्यूमधलं ते सगळ्यात उपयोगी वाक्य होतं.

आता होलचं वर्णन. अठराच्या अठरा होल लिहू नका, कुणी वाचत नाही. तीन निवडा. सगळ्यात चांगला, सगळ्यात कमजोर, आणि कोर्सचा स्वभाव सांगणारा एक. आणि वर्णन करताना तो होल खेळाडूला काय विचारतो, ते लिहा. ओल्ड कोर्सचा सतरावा घ्या, रोड होल. "अत्यंत आव्हानात्मक, ऐतिहासिक होल" असं लिहिलं तर काय कळलं? त्याऐवजी असं बघा: उजवीकडे हॉटेल आहे. त्याच्या कोपऱ्यावरून बॉल उडवायची हिंमत केली, तर ग्रीनकडे जायचा कोन चांगला मिळतो. भीती वाटून डावीकडे मारलं तर पहिला फटका सुखरूप, पण दुसऱ्या फटक्याच्या आड ग्रीनला चिकटलेला खोल बंकर येतो. बंकर टाळायला जोरात मारलं, तर ग्रीनच्या मागे रस्ताच आहे. चार वाक्यांत होल डोळ्यासमोर उभा राहिला ना?

माहिती कुणाला विचारायची? कॅडीला आणि माळ्याला. त्यांच्याइतकं मैदान कुणाला माहीत नसतं. मी एकदा विचारलं, "दादा, पावसाळ्यात पाणी कुठं साचतं?" ते म्हणाले, "सात नंबरला, साहेब. श्रावणात तिथं बदकं येतात." हे वाक्य कुठल्या माहितीपत्रकात मिळणार?

माणसांबद्दल लिहिताना मात्र सांभाळा. कॅडीचं नाव घेऊन तक्रार लिहू नका. त्याला उत्तर द्यायची सोय नसते. व्यवस्थेची तक्रार घटनेसारखी लिहा. एका क्लबात आमची वेळ ६:४० ची होती, सोडलं ७:२५ ला, कारण कुणी सांगितलं नाही. मी एवढंच लिहिलं, वार आणि वेळ टाकून. "मॅनेजमेंट भिकार" असं लिहिलं की मनातली वाफ निघून जाते, वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आणि हो, मेंबर मित्राचे पाहुणे म्हणून फुकट खेळला असाल, तर ते आधी सांगा.

आत जाता येतं का, हेही लिहा. आपल्याकडचे पुष्कळ कोर्स क्लबचे किंवा लष्कराचे. मेंबर बरोबर लागतो, की फी भरून कुणीही खेळू शकतं? कॅडी सक्तीचा आहे का, त्याचे पैसे वेगळे का? शनिवार-रविवारचा दर काय? सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स जगात इतका गाजलेला, पण तो सार्वजनिक आहे. बाहेरच्या माणसाला लॉटरीत नाव घालून वेळ मिळू शकते, आणि रविवारी सहसा खेळ बंद, गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात. ही माहितीही त्या जागेच्या मोठेपणाचा भाग आहे.

शेवटी गुण. चांदण्यांपेक्षा मला टॉम डोक या अमेरिकन आखणीकाराची मोजपट्टी आवडते. शून्य ते दहा. तिच्यात तीन म्हणजे जगातला सरासरी कोर्स, आणि वरचे आकडे म्हणजे त्यासाठी किती लांबून यावं. मी ते आपल्या भाषेत असं करतो: गावात असाल तर खेळा, दोन तास गाडी चालवून जा, रात्रीचा मुक्काम करून जा. आणि कुणी, तेही लिहायचं.

नमुना म्हणून एका नऊ होलच्या कोर्सबद्दल मी लिहिलेलं वाचून दाखवतो, नाव गाळून.

"दोनदा खेळलो, नोव्हेंबरात आणि मे महिन्यात. पांढऱ्या टीवरून, हँडिकॅप २०, पूर्ण फी भरून. आखणी साधी, पण पाचवा होल सुंदर: ओढ्याच्या अलीकडे थांबायचं की पलीकडे मारायचं, हे वाऱ्यावर ठरतं. आठवा कमजोर, सरळ आणि अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. चौघांत सहा बॉल तिथंच गेले. ग्रीन मे महिन्यात ठिगळं पडलेले, नोव्हेंबरात छान. पाणी ओढ्यावरच्या बंधाऱ्याचं, म्हणून मे महिन्यात फक्त ग्रीनला देतात. पुढचे टी नीट राखलेले. चहा चांगला, सावली कमी. नवशिक्यांनी आणि मुलांना घेऊन येणाऱ्यांनी हिवाळ्यात दोन तास गाडी चालवून जरूर जावं. लांब मारणाऱ्यांना दुपारपर्यंत कंटाळा येईल."

ऐंशीएक शब्द आहेत. कौतुक आहे, तक्रार आहे, आणि वाचणारा ठरवू शकतो. त्या कोर्सचे माळीही हे वाचून म्हणतील की बाबा, खरं लिहिलंय.

मराठीत गोल्फबद्दल लिहिणारे अजून फार थोडे आहेत. खेळ आपल्याकडे जुना आहे, कोलकात्याचा रॉयल क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. पण आपल्या भाषेत मैदानांची नोंद नाही. ती आपण करू शकतो. पुढच्या वेळी खेळून आलात की तारीख, टी, हँडिकॅप, हरवलेले बॉल आणि लागलेला वेळ एवढं त्याच दिवशी टिपून ठेवा. मत दोन दिवसांनी लिहा. आणि मला पाठवा, मी आवडीनं वाचेन.

आज इथंच थांबतो. भेटूया पुढच्या भागात.